हात न लावता, फक्त उजेडाने प्लॅस्टिकवर नक्षी कशी उमटते?

पाण्याने भरलेल्या ताटलीत मिरपूड भुरभुरायची आणि साबण लावलेलं बोट मध्ये टेकवायचं. क्षणात सगळी पूड काठाकडे पळते. हा रील तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. याच विज्ञानाच्या जोरावर शास्त्रज्ञांनी प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ थरावर नक्षी उमटवून दाखवली आहे. तिथे ताण बदलण्याचं काम साबणाऐवजी प्रकाश करतो.

मिरपूड पळते कशी?

द्रवाच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. हाच पृष्ठताण. साबण लागतो तिथे तो कमी होतो. बाजूच्या पाण्याची ओढ मात्र तशीच राहते. ते वरचा थर आपल्याकडे खेचतं आणि मिरपूडही सोबत जाते. नियम सोपा आहे: पृष्ठभागावरचा द्रव कमी ताणाकडून जास्त ताणाकडे वाहतो.

याला 'मारांगोनी परिणाम' म्हणतात. इटलीच्या कार्लो मारांगोनी यांनी १८६५ मध्ये यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्याआधी १८५५ मध्ये जेम्स थॉमसन यांनी वाइनच्या ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांचं कारण याच ओढीत शोधलं होतं.

पण प्लॅस्टिक वाहतं कसं?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात क्रिस्टोफर एलिसन यांच्या गटाने पॉलिस्टायरीनवर हा प्रयोग केला. आपला थर्माकोल बनतो तो यापासूनच. प्रयोगाच्या पायऱ्या अशा:

१. पॉलिस्टायरीनचा केसापेक्षा शेकडो पट पातळ, सपाट थर घेतला.

२. रांगोळीच्या छाप्यासारखा छापा वर धरून अतिनील किरण सोडले. किरण पडले तिथली रासायनिक रचना बदलली आणि पृष्ठताण वाढला. थर मात्र अजूनही सपाटच होता.

३. मग थर तापवला. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर पॉलिस्टायरीन मऊ होऊन वाहू लागतं. अंधारात राहिलेल्या भागातलं प्लॅस्टिक उजेड पडलेल्या भागाकडे सरकलं. तिथे उंचवटे झाले, बाकी ठिकाणी खळगे. थंड केल्यावर नक्षी पक्की झाली.

यात मोठं काय?

चिप बनवताना प्रकाशाने नक्षी छापल्यावर नको असलेला भाग रसायनाने धुऊन काढावा लागतो. इथे नक्षी उठवण्यासाठी अशी धुलाई लागत नाही आणि साहित्यही वाया जात नाही, ते फक्त जागा बदलतं. अडचण एकच: थर जास्त वेळ तापवला, तर तोच पृष्ठताण उंचवटे पुन्हा सपाट करतो.

तापवण्याचीही गरज नाही?

अझोबेंझिन नावाचा रेणू अतिनील प्रकाशात वाकतो आणि दृश्य प्रकाशात पुन्हा सरळ होतो. १९९५ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे दिसलं, की हा रेणू असलेलं पॉलिमर न तापवताही, नुसत्या लेझरने सरकतं. हे नेमकं कशामुळे, यावर बराच वाद झाला.

२०२० मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या गटाने एक वेगळा प्रयोग केला. प्रकाशाला दाद न देणाऱ्या पॉलिमरवर त्यांनी अझोबेंझिनची फक्त एक पातळ साय पसरली. प्रकाश पडताच खालचं पॉलिमरही सरकलं. म्हणजे अशा थरांमध्ये तरी सगळा माल हलवायला वरच्या सायीची ओढ पुरेशी ठरते, अगदी ताटलीतल्या पाण्यासारखीच.