मुदत संपलेला कागद आणि परतीचे दार

१८७० साली लॉर्ड मेयोने जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन केले आणि खामगावचा कापूस आगगाडीने थेट मुंबईकडे जाऊ लागला. तिथून बोटीत चढून तो लँकेशायरच्या गिरण्यांत पोचे. त्या गाठीला, तू कुठली आणि तुझी मुदत कधी संपते, असे कोणी विचारले नाही. अशाच बोटींच्या भट्टीत कोळसा लोटणाऱ्या माणसाला मात्र पुढे हा प्रश्न विचारला गेला. त्या प्रश्नाचा इतिहास आपल्याला पाहावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी सामान्य प्रवाशाला पुष्कळशा देशांत पासपोर्टावाचून शिरता येई. युद्धात हेरांच्या भयाने सरकारांनी दारे लावून घेतली आणि युद्ध संपल्यावरही ती पुरती उघडली नाहीत. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पासपोर्टाच्या पुस्तिकेचा एकच नमुना सुचवला. त्याच वर्षी हिंदुस्थानात येणाऱ्यांकडे पासपोर्ट मागण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा इथे झाला. पुस्तिकेबरोबर मुदतीची तारीखही आली.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. पासपोर्ट देतो तो माणूस ज्या देशाचा नागरिक आहे तो देश. राहण्याची परवानगी देतो तो माणूस जिथे राबतो तो देश. पहिल्या कागदाची मुदत संपली एवढ्यानेच दुसरा हक्क बुडाला असे होत नाही. पण दारावरचा शिपाई आधी पहिलाच कागद मागतो, आणि गरिबाचे सारे अडते ते तिथे.

याचे ढळढळीत उदाहरण १९२५ साली ब्रिटनमध्ये घडले. युद्धानंतर जहाजधंद्यात मंदी आली होती. गोऱ्या खलाशांच्या संघटनेने इतरवर्णी खलाशांना कामावरून हटवण्याची मागणी लावून धरली. सरकारने हुकूम काढला, की ज्या 'रंगीत' खलाशाजवळ ब्रिटिश प्रजाजन असल्याचा पुरावा नसेल, त्याने पोलिसांत परका म्हणून नाव नोंदवावे. हिंदुस्थान, एडन, पश्चिम आफ्रिका येथून आलेले अनेक खलाशी कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होते. पण खलाशाजवळ पासपोर्ट क्वचितच असे. असे ते नोकरीच्या दाखल्यांचे पुस्तक, आणि ते पुराव्यादाखल पुरेसे धरले जात नसे. कार्डिफला बिऱ्हाड थाटलेला, तिथेच लग्न करून मुले वाढवणारा खलाशी सफरीवर जाई, आणि परत येई तो परका होऊन!

मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ खलाशी असत. कायद्याचे नवल पाहा. रत्नागिरीचा खलाशी ब्रिटिश प्रजाजन, तर कोकणातल्याच जंजिरा संस्थानचा खलाशी केवळ 'संरक्षित'. समुद्र एक, काम एक, घाम एक. कागदावर मात्र माणसे दोन.

हिंदुस्थानातून कमी पगाराच्या करारावर नेलेल्या खलाशांना या हुकुमाने हात लावला नाही, कारण ती स्वस्ताई मालकांना हवीच होती. हुकूम बाधला तो ब्रिटनमध्ये राहून तिथल्या दराने पगार मागणाऱ्याला. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला अधिक बोचते ते हे, की या हुकुमामागचा रेटा कामगारांच्याच एका संघटनेचा होता. मालक स्वस्त माणूस शोधत राहिला आणि कामगार कामगाराचा कागद तपासत बसला. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, बोटींवर माणसे हवीशी झाली आणि १९४२ साली तो हुकूम गेला.

हा प्रश्न केवळ बंदरांचा नव्हे. आपल्या विदर्भालाही त्याची झळ लागली आहे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतून फिरत फिरत १९२४ साली मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर संशोधन करू लागले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तो प्रथम नाकारला गेला. कारण काय, तर इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. इंग्रजी राज्याची मुदत संपली होती, त्याच्या यादीची संपली नव्हती! पुढे तो नकार मागे घेण्यात आला. खानखोजे नागपुरास स्थायिक झाले आणि १९६७ साली निवर्तले.

या इतिहासात एक पान मात्र समाधानाचे आहे. १९५८ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खलाशांच्या ओळखपत्राविषयी १०८ क्रमांकाचा करार संमत केला. ओळखपत्र देणाऱ्या देशाने ते बाळगणाऱ्या खलाशाला परत आत घेतलेच पाहिजे, आणि त्यावरची मुदत संपल्यानंतरही निदान एक वर्षपर्यंत घेतले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. आपल्या जहाजावर काम करणाऱ्या परदेशी खलाशालाही असे ओळखपत्र देण्याची मुभा त्यात आहे. तारीख उलटली तरी माणूस उलटत नाही, हे साधे सत्य कायद्यात उतरायला १९२५ पासून तेहतीस वर्षे लागली. आणि ते उतरले कामगार, मालक आणि सरकार एका मेजाभोवती बसले तेव्हा.

परंतु आखाती देशांत राबणाऱ्या आपल्या गवंड्याला, सुताराला, वाहनचालकाला या कराराचा आधार नाही. तो रजेवर गावी आला आणि इथे पासपोर्टाची मुदत संपली, तर तिकडचा निवासपरवाना शाबूत असूनही त्याला विमानात घेत नाहीत. पासपोर्टाचे नूतनीकरण होईतो परवान्याची मुदत टळली, तर नोकरी गेली म्हणून समजावे. तिकडे काही मालक कामगाराचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवतात आणि तो तिथेच कालबाह्य होतो. अशा वेळी आपला दूतावास तातडीचा दाखला देतो, पण तो एकाच दिशेचा. मायदेशी आणणारा, कामावर परत नेणारा नव्हे.

म्हणून घरातला माणूस परदेशी असेल, तर पासपोर्ट आणि परवाना या दोन्हींच्या तारखा घरीही लिहून ठेवाव्या, नूतनीकरण मुदतीच्या बरेच आधी करावे, आणि ज्या जुन्या पुस्तिकेत चालू व्हिसा असेल ती टाकून देऊ नये. हे झाले घरचे काम. खलाशांना १९५८ साली जे मिळाले ते जमिनीवरच्या कामगारालाही मिळावे, हे काम संघटनेचे आहे, आणि ते अद्याप व्हायचे आहे.