फुकटचा पहिला कप

चहा हे आपले पूर्वापार पेय आहे, अशी बऱ्याच जणांची खात्री असते. आमच्या मोहल्ल्यात तर सोयरिकीची बोलणी असोत की मयतीचे घर, आधी चहा येतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या बहुतेक घरांत चहाची पत्ती नव्हती. काश्मीर-लडाखसारखे प्रदेश आणि शहरांतला साहेबी थाटाचा वर्ग सोडला, तर हे पेय लोकांच्या गावीही नव्हते. आसामातल्या मळ्यांत राबणारे हात इथले होते, माल मात्र बोटीत भरून लंडनला जायचा.

उत्पादन वाढत गेले, भाव पडू लागले, तेव्हा मळेवाल्यांची नजर इथल्या कोट्यवधी माणसांकडे वळली. 1903 मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात कायदा झाला आणि निर्यातीच्या चहावर उपकर बसला. त्या पैशातून परदेशात आणि हिंदुस्थानातही चहाचा प्रचार करायचा होता.

ज्याला या पेयाची तहानच नाही, त्याला ते प्यायला कसे लावायचे? पत्रके वाचणारे मूठभर. मग प्रचारक किटल्या घेऊन गल्लोगल्ली फिरू लागले. ठरल्या वेळी, त्याच त्या गल्लीत, महिनोन्‌महिने. कप फुकट असायचा. पत्तीची छोटी पुडी एका पैशाला मिळायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात खाणी, ताग गिरण्या आणि कापड गिरण्यांत चहाची दुकाने उघडली गेली. मजुराला चहाची सुट्टी दिली तर तो काम जास्त करतो, हे मालकांना पटवून देण्यात आले. म्हणजे आधी मालकाचे मन वळवले, मजुराचे आपोआप वळले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचे मन वळवण्याच्या कलेवरचे पुस्तक 1984 मध्ये आले. फुकट काही घेतले की माणसाला परतफेडीचे ओझे वाटते आणि चारचौघे करतात ते आपण करतो, ही त्यातली दोन प्रमुख सूत्रे. किटलीवाल्यांना ती कित्येक दशके आधी ठाऊक होती. आपल्याकडे तर दारात आलेल्याने प्रेमाने पुढे केलेले नाकारणे म्हणजे त्याचा अपमान!

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती पडद्याची. ज्या वस्त्यांत बायका परपुरुषासमोर येत नसत, तिथे प्रचारासाठी बायका नेमल्या गेल्या. समाजसुधारक ज्या पडद्यावर टीका करत होते, त्या पडद्याला विक्रेत्याने हातही लावला नाही. तो त्याच्या कडेने आत शिरला. रेल्वे स्टेशनांवरही तेच. तिथे हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होतेच, चहाही तसाच विकला गेला. ग्राहक एकत्र यावेत ही विक्रेत्याची गरज नव्हती. दोघांनीही प्यावे, एवढीच होती.

लोक मात्र सगळे ऐकत नव्हते. प्रचारक पत्ती मोजून, दूध बेताने घालून चहा कसा करायचा ते शिकवायचे. स्टेशनवरच्या चहावाल्यांनी पत्ती कमी केली, दूध-साखर भरपूर ओतली, कुणी मसालाही टाकला. मळेवाल्यांना हे मुळीच आवडले नाही. आज जगभर ‘इंडियन चाय’ म्हणून विकला जातो तो हाच न ऐकणाऱ्यांचा चहा! आणि खरे सांगायचे तर गरिबाच्या चुलीवर चहा कायमचा बसवला तो 1930 च्या दशकात आलेल्या सीटीसी यंत्राने. त्याची दाणेदार पत्ती थोडक्यात जास्त रंग देते, म्हणून स्वस्त पडते.

गांधीजींना चहा मान्य नव्हता. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात चहा-कॉफीच्या सवयीविरुद्ध स्पष्ट लिहिले आहे. पण 1947 मध्ये कलाकार अन्नदा मुन्शी यांनी चहाचे एक पोस्टर केले. त्यात एक स्त्री चरखा घेऊन बसली आहे, हातात चहा, आणि दावा असा की चहा शंभर टक्के स्वदेशी आहे. ज्याने विरोध केला त्याचेच चिन्ह उचलून माल विकायचा, याला धाडस म्हणावे की निलाजरेपणा, ते वाचकांनी ठरवावे.

त्याच्या आदल्या वर्षाच्या सुमारास आझाद हिंद सेनेचे सैनिक दिल्लीत कैदेत होते. गांधीजी त्यांना भेटायला गेले. सैनिकांनी तक्रार केली की इथे हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगवेगळा येतो. मग तुम्ही काय करता, असे गांधीजींनी विचारले. दोन्ही चहा एकत्र ओततो आणि मग वाटून पितो, ते म्हणाले. जेवणाचेही तसेच करतो. चहाच्या विरोधात लिहिणारे गांधीजी यावर मनापासून हसले.