अवसाद : औषधे व निद्रावंचन

ज्या विकारात मन दीर्घकाळ खिन्न राहते, कशातही रस वाटत नाही व झोप आणि भूक बिघडते, त्यास अवसाद म्हणतात. मेंदूतील रसायनांशी असलेला त्याचा संबंध प्रथम औषधांच्या अनपेक्षित परिणामांवरून सुचला.

या इतिहासाचा एक धागा मुंबईत सुरू होतो. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळीचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे केले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होत असल्याचे वृत्तांत आले. हा संबंध पुढे वादग्रस्त ठरला. तथापि रेसर्पिनामुळे प्राण्यांच्या मेंदूतील सिरोटोनिनाचा साठा घटतो, हे १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. याउलट क्षयावरील इप्रोनियाझिडाने रुग्ण उल्हसित होत. ते अशा द्रव्यांचे विघटन रोखते. १९५७ मध्ये रोलांट कून यांनी इमिप्रामिनाचा अवसादरोधी गुण नोंदविला. यांसारख्या निरीक्षणांवरून १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनासारख्या द्रव्यांच्या उणिवेचा सिद्धांत मांडला. गोरेगाव (मुंबई) येथील सीबाच्या संशोधन केंद्रात पुढे नायट्रॉक्साझेपीन हे अवसादरोधी औषध तयार झाले. ते सिंटॅमिल या नावाने भारतात प्रचारात आले.

परंतु औषधाचा या रसायनांवरील परिणाम काही तासांतच दिसतो. मन सावरण्यास मात्र बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. आत्महत्येचे विचार येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा काळ धोक्याचा असतो. म्हणूनच १९७१ मध्ये जर्मनीतील प्फ्लूग व टोले यांनी अभ्यासलेल्या निद्रावंचनाकडे लक्ष वेधले गेले. रुग्णास रात्रभर जागे ठेवल्यास जवळजवळ निम्म्या रुग्णांना दुसऱ्याच दिवशी बरे वाटते. पण पुन्हा झोप झाल्यावर बहुतेकांत लक्षणे परततात. हा गुण टिकविण्यासाठी लिथियम किंवा प्रखर प्रकाश यांची जोड दिली जाते.

एका रात्रीत येणारा व झोपेने जाणारा हा आराम केवळ रासायनिक उणिवेने उलगडत नाही. औषधांमुळे तंत्रिका कोशिकांमधील जोडण्या हळूहळू बदलतात, तर जागरणाचा परिणाम दैनिक जैव लयीवर होत असावा, असे आता मानतात. काही रुग्णांत जागरणाने उन्माद उद्‌भवू शकतो आणि नेहमीच्या निद्रानाशाने अवसाद बळावतो. म्हणून हा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच करावयाचा असतो.