गुटगुटीत लेकराचा इतिहास

परतवाड्याच्या एस.टी. स्टँडवर सकाळी अर्धा तास बसा. धारणी, सेमाडोह, चिखलदऱ्याकडून गाड्या येतात. एखादी कोरकू बाई उतरते. तिच्या काखेतल्या पोराचे हात काडीसारखे, पोट तेवढे पुढे आलेले. ती दवाखान्याचा रस्ता विचारत असते. त्याच वेळी शाळेला निघालेली आमच्या गावातली काही पोट्टी समोरच्या टपरीवर पाच रुपयांचे पाकीट घ्यायला थांबतात. त्यातल्या दोघातिघांच्या सदऱ्याची बटणे पोटावर ताणलेली असतात. दोन्हींत अंतर जेमतेम दहा पावलांचे. एकाला अन्न मिळाले नाही आणि दुसऱ्याला जास्त मिळाले, असे म्हणून आपण पुढे जातो. मीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. पण माझ्याच घरात हा प्रश्न आला, तेव्हा मला मागे वळून पाहावे लागले.

माझा नवासा नऊ वर्षांचा. गोरागोमटा, गालांवर खळ्या. माझी अम्मी हयात असती तर त्याला मांडीवर घेऊन म्हणाली असती, ‘खाते-पीते घर का बच्चा है.’ शेजारच्या काकू त्यांच्या वऱ्हाडीत हेच म्हणतात, ‘कसं गुटगुटीत हाय बाप्पा लेकरू!’ या दोन्ही वाक्यांत कौतुक आहे. ते कौतुक कोठून आले, हे कळायला आपल्या भागाचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

परतवाडा ही इंग्रजी अमलातली लष्करी छावणी. शेजारचे अचलपूर त्याहून कितीतरी जुने, एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, पैसाही आला. पण ज्या वावरात ज्वारी पिकायची, त्यातल्या बऱ्याच वावरात कापूस उभा राहिला. पेवांतले धान्य कमी झाले. पोटाला लागणारे बाजारातून आणायचे, ही सवय तेव्हापासूनची.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी माणसे कमी झाली. मेळघाटात ही घट आणखी मोठी होती. अशा काळात आधी जातात ती दूध तुटलेली लेकरे. ज्या घरातले लेकरू अंगाने भरलेले, ते घर वाचले, असा तो हिशेब. ‘बाळसे’, ‘गुटगुटीत’, ‘अंगाने भरलेला’ या शब्दांमागे ही भीती आहे. आजी नातवाला चौथा घास भरवते, तेव्हा तिच्या हाताला तिच्या आजीने सांगितलेला दुष्काळ आठवत असतो.

या भीतीला पुढे सरकारी शिक्काही मिळाला. १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशात ‘बेबी वीक’ साजरा झाला. बाळंतपणातले आणि बालपणातले मृत्यू कमी व्हावेत हा हेतू चांगलाच होता. त्यात बाळांची प्रदर्शने भरली, बक्षिसे वाटली गेली. त्यातूनच पुढे आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धा रूढ झाल्या. सुदृढ म्हणजे बळकट. पण बक्षीस बहुधा वजनदार बाळाला मिळे. डब्यातल्या दुधाच्या आणि पौष्टिक पेयांच्या जाहिरातींनी तोच गुबगुबीत चेहरा उचलला आणि घराघराच्या भिंतीवर लावला.

स्वातंत्र्यानंतरही चिंता एकाच बाजूची राहिली आणि ती राहणे योग्यच होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. अब्बा त्या मिलोच्या भाकरीची गोष्ट सांगताना आजही खाताहेत असे तोंड करायचे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत महाराष्ट्रातले धारावी होते आणि आमच्या जिल्ह्यातले धारणीही. म्हणजे अंगणवाडीचा वजनकाटा आमच्याकडे अगदी आरंभी आला. तरीही १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशभर शालेय पोषण आहार आला. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मुलांना घरी न्यायला कोरडा तांदूळच मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिल्यावर शाळेत खिचडी शिजू लागली.

या सगळ्या वर्षांत अंगणवाडीच्या तक्त्यावर आपण एकच रेघ पाहायला शिकलो, खालची. लेकरू त्या रेघेखाली गेले की धावपळ. वर गेले की पेढे.

दरम्यान घरातले ताट बदलत होते. विदर्भात ज्वारीचे वावर सोयाबीनने घेतले. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले आणि भाकरी थापणारी हातही थकले. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, हरभऱ्याचा टहाळ, मुगाच्या डाळीचे धिरडे हे आठवड्याचे जेवण होते, ते आता हौसेचे झाले. तेल स्वस्त झाले. १९९१ नंतर बिस्किटे, कुरकुरीत पाकिटे आणि थंड पेये खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचली. मेळघाटाच्या वस्तीवर डॉक्टर पोचायला वेळ लागतो, पाकीट आधी पोचते. मैदानांवर प्लॉट पडले, शिकवण्या वाढल्या, सायंकाळचा विटीदांडूचा तास मोबाइलने घेतला.

माझ्या घरी हे सगळे प्रेमाच्या रूपाने आले. मी रोज संध्याकाळी फिरून येताना नवाशासाठी पाकीट आणायचो. त्याने दारात उभे राहून ‘नाना, क्या लाए?’ विचारावे, यात माझे सुख होते. एके दिवशी तो शाळेतून आला आणि जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कळले, मुले त्याला ‘ढोल्या’ म्हणतात आणि खेळात घेत नाहीत. त्याने मला विचारले, ‘नाना, मैं ज्यादा खाता हूँ क्या?’ पाकीट आणणारा मी आणि प्रश्न विचारणारा तो.

डॉक्टरांकडे नेले. त्यांनी वजनाबरोबर उंची घेतली, कमरेला टेप लावली आणि मग त्याची मान पाहिली. मानेच्या मागे काळसर, मखमलीसारखा पट्टा होता. माझी मुलगी तो मळ समजून रोज साबणाने घासत होती. डॉक्टर म्हणाले, ‘हा मळ नाही. शरीरातले इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ही खूण असू शकते, तपासून घेऊ.’ हे वाचणाऱ्या आईबापांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी माझे बोलणे सार्थकी लागले.

याच काळात मला पुण्याच्या एका संशोधनाची माहिती वाचायला मिळाली आणि स्टँडवरची ती दोन लेकरे एकदम शेजारी आली. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांची पाहणी सुरू केली. तिथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते. पण कातडीखालची चरबी मात्र तुलनेने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे हे बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

अर्थ असा की, पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आईच्या पोटात वाढलेले बाळ टंचाईसाठी तयार होऊन येते. मिळेल ते साठवायचे, हा त्याच्या शरीराचा धडा. पुढे त्याच्यासमोर तळलेले आणि गोड भरपूर आले, की तोच धडा अंगावर उलटतो. हॉलंडमध्येही हे दिसले आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथे उपासमार झाली. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांच्या आयांनी ती सोसली, त्या मुलांमध्ये एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणा अधिक आढळला, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे कोरकू बाईच्या काखेतले पोर आणि माझा नवासा हे एकाच दुष्काळाचे वारस आहेत. उद्या त्या पोराच्या हातीही पाकीट येईल, तेव्हा धोका त्याला जास्त.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ती ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, कधी एकाच घरात. २०२५ मध्ये युनिसेफने सांगितले की, जगातल्या ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा प्रथमच जास्त झाले आहे.

कायदे झाले. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत जास्त साखर, मीठ, तेलाच्या पदार्थांना मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ती शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. पण फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता आपला आहे आणि त्या रस्त्यावर खिशात हात घालणारा बहुधा माझ्यासारखा नाना असतो.

मग आम्ही काय केले? डॉक्टरांनी पहिल्यांदा एक गोष्ट निक्षून सांगितली. वाढत्या वयातल्या मुलाला उपाशी ठेवायचे नाही आणि त्याला चिडवायचे नाही. एकट्याचे ताट वेगळे केले तर ती शिक्षा होते, म्हणून सगळ्या घराचे ताट बदलले. आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकरी. पालेभाजी रोज. याज्ञिकांच्या त्याच पाहणीत पालेभाज्या, फळे, दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे वजनाने चांगली भरली होती. अंबाडी ही गरिबाची भाजी म्हणून आम्हीच तिला मागे टाकली होती. काय शिजवायचे आणि कधी वाढायचे ते मोठ्यांनी ठरवायचे, किती खायचे ते त्याने. ‘ताट पुसून खा’ हे वाक्य बंद. रमजानमध्ये इफ्तारीला भजी आणि शरबताऐवजी खजूर, कापलेली फळे, उकडलेले चणे आले. पहिले दोन दिवस मोठ्यांचीच तोंडे वाकडी झाली. मी पाकिटाऐवजी त्याला घेऊन बिच्छन नदीपर्यंत चालत जाऊ लागलो.

जुने सगळे चांगले होते असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या ताटात भाकरी होती, पण अनेक घरांत डाळ नव्हती, अंडे नव्हते आणि बाई शेवटी जेवत होती. मेळघाटातल्या लेकराला आजही अधिक अन्न हवे आहे, तेही दूध, अंडे, डाळीचे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली, ती याचसाठी मोलाची. त्या आईचे ताट भरले तर तिच्या नातवाची मान साफ राहील, इतका हा हिशेब लांबचा आहे.

नवाशाचे वजन फार उतरलेले नाही. डॉक्टर म्हणतात, उंची वाढते आहे, वजन थांबले आहे, एवढे पुरे. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘काऊन बाप्पा, लेकरू वाळलं काय?’ मी म्हटले, ‘वाळलं नाही काकू, पळायला लागलं.’ त्यांना पटले की नाही ठाऊक नाही. त्यांनी त्याच्या हातावर लाडू ठेवला. राजगिऱ्याचा होता. त्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा मला दिला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)