गोंधळाचे आवाहन आणि एका चित्रपटगीताची लोकप्रियता

राजीव पाटील दिग्दर्शित ‘सावरखेड एक गाव’ (२००४) या चित्रपटातील ‘आई भवानी’ या गोंधळगीताने अजय-अतुल या तरुण संगीतकार बंधूंना महाराष्ट्रभर श्रोते मिळवून दिले. मात्र त्या गीताच्या सामर्थ्याचा उगम धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीशी निगडित असलेल्या गोंधळ या विधिनाट्यात शोधावा लागतो. गोंधळ म्हणजे लग्न, मुंज, जावळ अशा मंगलकार्यानंतर कुलदेवतेच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी यजमानाने घरी घातलेले जागरण होय. गोंधळ्यांच्या दोन शाखांपैकी कदमराई तुळजाभवानीचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात.

या परंपरेचे प्राचीनत्व थक्क करणारे आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘गोंडली’ नृत्याचे वर्णन आढळते, आणि कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, तुळजापूरपासून फार दूर नाही. पुढे संत एकनाथांनी भारुडांतून गोंधळाचे रूपक योजले, यावरून तो त्यांच्या काळात सर्वसामान्यांच्या किती परिचयाचा होता, हे लक्षात येते.

विधीत धान्याचा चौक मांडून घटस्थापना केली जाते व दिवटी पेटवली जाते; मग कवड्यांची माळ घातलेला नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, निरनिराळ्या ठिकाणच्या देवदेवतांना नावानिशी गोंधळाला येण्याचे आवाहन करतो, आणि साथीदार त्याचे पालुपद उचलतात. साथीला एकतारी तुणतुणे, झांज आणि संबळ असतात; संबळ म्हणजे कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायची, लहानमोठ्या आकाराच्या दोन वाद्यांची जोडी. आवाहनानंतर येते आख्यान, आणि कथेला संवाद, विनोद व निरूपण यांची जोड देत रात्र जागवणाऱ्या नाईकाचे खरे कसब तेथेच पणाला लागते.

चित्रपटगीताला काही मिनिटांचाच अवकाश असल्यामुळे त्यात आवाहनाचा आवेश आणि संबळाची लय उतरली, परंतु आख्यान गळाले. श्रोत्यांना भिडले ते आवाहनच, कारण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घातला जात होता, त्या घरांतील माणसांना तो ठेका आधीच ठाऊक होता. तथापि आख्यान वगळले जाणे ही मोठी हानी आहे, कारण गोंधळ्याची विद्या मुख्यतः त्या कथनात साठलेली असते. याच दिग्दर्शकाच्या ‘जोगवा’ या पुढील चित्रपटात अजय-अतुल जोगत्यांच्या परंपरेकडे वळले, आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.