उसात जन्मलेले

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात बिबट्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, "वनखात्यानंच आणून सोडलेत." हे वाक्य आले कुठून, हे मी बरेच दिवस शोधत होतो. त्यात सत्याचा एक तुकडा आहे.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. या विभागात फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात पकडलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११च्या शोधनिबंधानुसार माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, नंतर १७ झाले. पिंजऱ्याचा ताण आणि अनोळखी मुलूख, हे कारण मला पटते.

आजचे बिबटे मात्र इथलेच, उसात जन्मलेले. तोडणीत पिल्ले सापडतात. पशुवैद्य त्यांना तपासतात आणि अंधार पडताना त्याच फडात खोक्यात ठेवतात. बहुधा रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आई न आलेली आणि जायबंदी झालेली जनावरे जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात जातात. काहींचा सारा जन्म तिथेच सरतो. "पिंजरा लावा" म्हणताना हा हिशेब कुणी धरत नाही.

पण लेकरू गमावलेल्या घरासमोर हे आकडे काढायला माझी जीभ रेटत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला मीही जातो. मोठी बॅटरी घेतो, मोबाईलवर गाणी लावतो, आणि सरीत खाली वाकायचे टाळतो.