दोराच्या वरच्या टोकाला

श्वास रोखून समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याची शुद्ध हरपते ती बहुधा तळाशी नव्हे. परतीच्या वाटेवर, पृष्ठभाग अवघा आठ-दहा मीटरांवर राहिला असताना. श्वास घेण्याची निकड शरीराला मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते, प्राणवायू घटल्यामुळे ती फारशी जाणवत नाही. त्यामुळे बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेऊन हा वायू बाहेर टाकला, तर प्राणवायूचा साठा नाममात्र वाढतो आणि धोक्याची सूचना मात्र उशिरा मिळते. त्यातच, दहा मीटर खोलीवरचा दुप्पट दाब वर येताना निम्मा होत जातो आणि फुप्फुसातील प्राणवायूचा आंशिक दाब, म्हणजे वायूंच्या मिश्रणात एकट्या प्राणवायूच्या वाट्याला येणारा दाब, झपाट्याने उतरतो. जोरजोराच्या श्वसनाचा आणि पाण्याखाली शुद्ध हरपण्याचा हा संबंध अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये मांडला. मोती आणि शिंपले काढणाऱ्या जमातींनी मात्र कितीतरी आधी त्यावर उपाय अमलात आणला होता, आणि तोही अगदी वेगळ्या हेतूने.

हा उपाय म्हणजे दोर. इराणच्या आखातातील मोत्यांच्या होड्यांवर नाखुदाच्या (कोकणातील ‘नाखवा’ हा शब्द याच फारसी शब्दापासून आलेला आहे) हाताखाली दोन प्रकारचे गडी असत: पाण्यात उतरणारा ‘ग़ैस’ आणि होडीवर उभा राहून त्याचा दोर सांभाळणारा ‘सैब’. ग़ैस नाकाला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा लावून, दोराला बांधलेल्या धोंड्याच्या फासात पाय अडकवून सरळ तळाशी जाई. तो पोहोचला की सैब धोंडा वर ओढून घेई, आणि पाणबुड्याने दुसऱ्या दोराला हिसका दिला की त्यालाही हातोहात खेचून काढी. यामागचा हेतू श्रम आणि वेळ वाचवण्याचा होता, कारण दिवसभरात अनेक बुड्या मारायच्या असत. परिणाम मात्र हेतूच्या पलीकडे गेला: वर येताना पाणबुड्याला पाय मारावे लागत नसल्याने त्याचा प्राणवायू कमी खर्च होई, आणि वाटेत त्याची शुद्ध गेलीच तरी दोर खेचला जात असल्यामुळे तो तळाकडे न जाता सैबच्या हातीच लागे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बेशुद्ध माणूस हिसका देऊ शकत नाही. म्हणून खुणेची वाट न पाहता नेहमीचा वेळ उलटून गेल्याचे ओळखणारा अनुभवी सैब हाच या साधनाचा खरा भाग होता. असे असूनही हंगामाच्या उत्पन्नात त्याचा वाटा ग़ैसच्या वाट्याहून कमी धरला जाई. आखातातले हे मोती पुढे मुंबईच्या बाजारात येत आणि तेथून जगभर जात. ते हाताळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत सैबला जागा असण्याचे कारणच नव्हते.

मन्नारच्या आखातातही धोंडा आणि दोर यांचीच पद्धत होती, पण तेथील भीतीचा रोख शार्ककडे होता. मंत्राने शार्कचे तोंड बांधणाऱ्या मांत्रिकाला मोत्यांच्या हंगामात सिलोनच्या ब्रिटिश सरकारकडून मेहनताना मिळे, कारण त्याच्याशिवाय पाणबुडे पाण्यात उतरत नसत. सुरक्षेच्या खर्चात सरकारने मांत्रिकाला धरावे आणि दोर धरणाऱ्याला होडीच्या हिशेबावर सोडावे, हा प्रकार त्या काळच्या धोक्याच्या कल्पनेवर पुरेसा प्रकाश टाकतो.

जपानच्या किनाऱ्यावरील ‘आमा’ या पाणबुड्या स्त्रियांमध्ये दोन रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ‘फुनादो’ ही आमा होडीतून काम करते, वजन धरून पंधरा ते पंचवीस मीटर खोल जाते आणि होडीवरचा ‘तोमाए’, जो पुष्कळदा तिचा नवराच असतो, तिला दोराने वर ओढतो; ‘काचिदो’ ही आमा मात्र एकटीच पोहत, पाच-दहा मीटरांपलीकडे न जाता, सुमारे अर्ध्या मिनिटाच्या बुड्या मारते. जिला दोर नाही, तिने खोली आणि वेळ आखडती घेतली, असा हा व्यवहार होता. डोक्याच्या फडक्यावर टाक्यांनी काढलेला पंचकोनी तारा दोघींनाही चाले. तो एकाच रेषेत काढला जातो आणि रेषा निघाली तेथेच परत येते, म्हणून आमाही सुखरूप परतेल, अशी त्यामागची समजूत आहे. कोरियातील जेजू बेटाच्या ‘हेन्यो’ स्त्रियांनी दोराऐवजी ‘तेवाक’ हा तरंगता भोपळा जवळ केला. त्याला धरून दम खाता येतो आणि तो दिसला की खाली कोण आहे हे इतर स्त्रियांना कळते.

दोराची ही साखळी तुटली ती विसाव्या शतकात. पायांत घालायचे रबरी पंख आणि काचेचा मुखवटा सहज मिळू लागताच भाल्याने मासे मारणारा हौशी पाणबुड्या एकटाच खोल जाऊ लागला. त्याला वर ओढणारे कोणी नव्हते आणि काचिदोची मर्यादाही त्याने पाळली नाही. पुढची सुरक्षा-साधने ही बहुतांशी त्या गेलेल्या गड्याची जागा भरून काढणारी आहेत. अमेरिकी पाणबुडे टेरी मास यांनी तयार केलेले जाकीट ठरवलेली वेळ किंवा खोली ओलांडली की आपोआप फुगते आणि माणसाला वर आणते. फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे श्वास रोखून खोल जाण्याच्या स्पर्धांत पाणबुड्या आखूड पट्ट्याने उभ्या दोराला जोडलेला असतो, आणि तो परतला नाही तर कप्पीच्या दुसऱ्या बाजूचे जड वजन सोडून अख्खा दोर त्याच्यासह वर खेचता येतो. हे सैबचेच काम, वजनाकडे सोपवलेले.

वर येण्याचा शेवटचा टप्पा मात्र अजून माणसाकडेच आहे. तेथे सुरक्षा-पाणबुडे खाली जाऊन स्पर्धकाला भेटतात आणि त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवत सोबत वर येतात. २०१७ च्या जुलैमध्ये इजिप्तमधील दहाब येथे, खडकातील कमानीखालून पलीकडे निघालेल्या अलेस्सिया झेक्किनी या इटालियन फ्रीडायव्हरला पलीकडचा दोर सापडला नाही. तिच्या सुरक्षेसाठी उतरलेल्या स्टीफन कीनन यांनी तिला पृष्ठभागावर पोहोचवले. त्यात त्यांची स्वतःची शुद्ध हरपली, आणि त्यांना वाचवता आले नाही.